पडद्याला अस्तर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टाकेबाई राहते. हे तिचं आडनाव नव्हे. टाके घालते म्हणून टाकेबाई. खरं नाव दाराबाहेरच्या पाटीवर होतं, पण ऊन खाऊन खाऊन पाटीवर आता ‘आल्टर करून मिळेल’ एवढंच उरलंय. कुरियरवालासुद्धा ‘टाकेबाई’ म्हणून हाक मारतो आणि ती ओ देते.

नवीन कपडे ती शिवत नाही. आखूड झालेलं, सैल पडलेलं, खाली बसताना दगा दिलेलं, असलंच काम घेते. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ती त्याला ट्रायल रूममध्ये ढकलते. ट्रायल रूम म्हणजे काय, तर दुकानाच्या कोपऱ्यात एक आडवा दांडा, त्यावर पडदा, आत एक स्टूल आणि उभा आरसा. “काय बिघडलंय ते सांगू नका, घालून दाखवा,” हे तिचं ठरलेलं वाक्य. माणूस बाहेर आला की त्याला गोल फिरवायचं, दोन बोटांनी कापड चिमटायचं, टाचणी खोचायची. “लोक सांगतात कमरेत काचतंय, आणि चुकलेलं असतं खांद्यात. म्हणून विचारायचंच नाही काकू!” असं ती मला सांगते. सांगते म्हणजे ओरडून सांगते.

टाकेबाईचा आवाज हा वेगळाच विषय आहे. अर्धं आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलेलं, त्यात सासऱ्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे तिनं कुणाच्या कानात सांगितलेलं गुपित मला वरच्या मजल्यावर भाजी चिरताना ऐकू येतं. तिला मात्र वाटतं, आपण हळू बोलतो.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मागे आणखी एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसं तीन: टाकेबाई, तिची दहावीतली मुलगी आणि सासरे अण्णा. नवरा लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतो. तो घरी येतो तेव्हा आधी झोपतो, मग जेवतो, मग निघतो. चांगला माणूस आहे. फक्त घरात नसतो.

अण्णांची नोकरी बस डेपोत झाली. गाड्या वेळेवर सोडायच्या आणि प्रवाशांच्या तक्रारी ऐकायच्या, ही त्यांची दोन कामं. पहिल्या कामाचा त्यांना अभिमान होता, दुसऱ्याचा त्याहून जास्त. “प्रवाशाशी वाद घालायचा नाही. तक्रार ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी ती गोष्ट बंद झालेली दिसली पाहिजे,” हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या तेराव्याला कुणी भाषण केलं तर हेच निघेल. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण तेव्हापासून वॉकर, आणि वॉकर धरायलाही माणूस.

दुपारी जेवणं झाली की टाकेबाई शटर अर्धं खाली ओढते आणि अण्णांना दुकानातल्या खुर्चीत आणून बसवते, कारण उजेड तिथेच येतो. मी वर्तमानपत्र घेऊन खाली उतरते. आम्ही शब्दकोडं सोडवतो. म्हणजे मी सोडवते आणि अण्णा हरकत घेतात.

अण्णांकडे एक चमचा आणि स्टीलचा पेला असायचा. काही हवं असलं की चमचा पेल्यावर वाजवायचे. टण टण. पाणी हवं, टण टण. उशी सरकली, टण टण. टीव्हीवर कुणीतरी काहीतरी मूर्खासारखं बोललं आणि ते कुणाला तरी सांगायलाच हवं, टण टण. टाकेबाई मशीनवरून उठायची, जायची, यायची, दोरा ओवायची, की टण टण.

असंच एकदा एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची होती. टाकेबाईनं उजवा पाय कापला. चमचा वाजला. ती जाऊन आली आणि पुन्हा उजवाच पाय कापला. डावा तसाच. पँट उचलून धरली तर एक पाय माणसाचा, एक लहान मुलाचा. ती हसायला लागली. मीही हसले. मग माझं हसून झालं, तिचं होईना. अति झालं नि हसू आलं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पँट हातात धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि अण्णा खुर्चीतून विचारत होते, “काय झालं? मलाही सांगा की!”

मुलगी शाळेतून आली, आईला तशी बघून घाबरली. मोबाइलच्या बाबतीत ती घरातली मुख्यमंत्री. शाळेनं पालकांना एक लिंक पाठवली होती: पालक आणि काळजीवाहकांसाठी ऑनलाइन समुपदेशन. तिनं परस्पर आईचं नाव घालून टाकलं.

“काळजीवाहक म्हणजे?” टाकेबाईनं विचारलं.

“म्हणजे तू. आजोबांची काळजी घेतेस ना.”

“काळजीवाहू सरकार!” अण्णा खुश होऊन म्हणाले. “निवडणूक होईपर्यंत कारभार बघायचा, निर्णय घ्यायचे नाहीत.”

“निवडणूक कधी आहे तेवढं सांगा,” टाकेबाई म्हणाली.

मी कॉलेजात मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे, म्हणून तिनं मला विचारलं, “काकू, यात नेमकं काय करतात?” आमच्या पुस्तकात उंदीर होते आणि त्यांना फिरवायला बोळ होते. सासरे नव्हते. मी म्हटलं, “तू बोलायचं, त्यांनी ऐकायचं.”

“आणि मग?”

“मग वेळ संपते.”

“एवढ्यासाठी इंटरनेट?”

पण ती बसली. कुठे बसणार? मागच्या खोलीत मुलीची पुस्तकं, स्वयंपाकघरात कुकर. पडदा ओढता येईल अशी घरात एकच जागा, ट्रायल रूम. दुपारची वेळ मिळाली होती. मुलगी शाळेत, शटर अर्धं खाली, अण्णा आणि मी कोड्यावर. टाकेबाईनं केस सारखे केले, आरशाच्या चौकटीत मोबाइल खोचला, मुलीचे इअरफोन दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि पडदा ओढला.

आता इअरफोन घातलेला माणूस किती मोठ्यानं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर मुळातच टाकेबाई.

“हॅलो! दिसतेय का मी?” पडद्यामागून आवाज आला आणि अण्णांच्या हातातून पेन्सिल पडली.

पलीकडची बाई काय म्हणाली ते आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. आम्हाला अर्धंच संभाषण मिळत होतं, शब्दकोड्यासारखं: उभे शब्द सापडायचे, आडवे आपण भरायचे.

“हो हो, एकटीच आहे! कुणी ऐकत नाहीये! बाहेर फक्त सासरे आणि वरच्या काकू आहेत, ते त्यांच्या कामात आहेत!”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे. त्यांच्या कानातलं यंत्र कानातच होतं; दुपारी ते काढून ठेवतात असा टाकेबाईचा समज, आणि खरंही, एरवी काढतात. पण कोड्याच्या वेळी लावतात, नाहीतर माझ्याशी भांडता येत नाही. खरं सांगायचं तर त्या आवाजाला यंत्राची गरजही नव्हती.

मी खाकरले. मग उठायला निघाले. अण्णांनी माझा पदर धरला नाही इतकंच. ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलं.

“कसं वाटतंय म्हणजे?” आतून आवाज. “कशाबद्दल? … कशाहीबद्दल? … अहो मॅडम, काहीतरी एक धरून विचारा ना!”

आणि मग तिनं एक धरलं. चमचा.

“तो चमचा वाजला ना, की सुई माझ्याच अंगात शिरते असं वाटतं. रागावता येत नाही हो. म्हातारा माणूस, वाजवणार नाही तर काय करणार? पण वाटतं, तो पेला घ्यावा आणि रस्त्यावर भिरकावावा!”

अण्णांनी हातातल्या चमच्याकडे बघितलं आणि तो असा हळूच खाली ठेवला, जणू कुणी झोपलंय.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. ती आत चहा टाकायला गेली तशी मी अण्णांना म्हटलं, “मी सांगते तिला. पडद्याबाहेर सगळं ऐकू येतं.”

“खबरदार,” अण्णा म्हणाले. “माझी शपथ आहे बाईसाहेब. आमच्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण तिला एवढं सलग कुणाशी बोलताना मी ऐकलं नाही. माझ्या मुलाशीही नाही. तुम्ही सांगितलंत तर ती पुन्हा आत जाणार नाही.”

“मग तुम्ही तरी कान बंद करा.”

“यंत्र काढलं तरी ऐकू येतं हो,” ते म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून चमचा बंद. काही हवं असलं तर अण्णा वाट बघायचे. टाकेबाई सहज जवळून गेली तर सांगायचे, नाहीतर राहिलं.

टाकेबाई उड्या मारत वर आली. “काकू, जादू आहे हो! नुसतं बोलले, आणि चमचा थांबला! चष्मेवालीनं काहीसुद्धा केलं नाही, फक्त मान हलवत होती.”

समुपदेशन करणाऱ्या मुलीचं नाव तिनं चष्मेवाली ठेवलं होतं. “तिला सांगितलं तर म्हणते, हा बदल तुमच्यात झालाय. माझ्यात काय बदललंय? तुम्ही बघा बरं नीट.” आणि माझ्यासमोर गोल फिरली, गिऱ्हाईक फिरतं तशी.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. शपथ मोडायची नाही आणि इशारा तर द्यायचा, म्हणून मी म्हटलं, “अगं, तुझ्या त्या ट्रायल रूमचा पडदा फार पातळ आहे बाई. आतलं सगळं…”

“दिसतं?” ती दचकली. “बाई गं! गिऱ्हाइकं कपडे बदलतात तिथे!”

संध्याकाळी खाली गेले तर जुना पडदा उतरवून ती नवा शिवत होती. जाड कापड, वर आतून अस्तर, खाली वजनाला तीन पट्ट्या. असा पडदा मी नाटकाच्या थिएटरातच पाहिलाय. तो लागल्यावर टाकेबाईला इतकं सुरक्षित वाटायला लागलं की पुढच्या वेळी ती आणखी मोकळेपणानं बोलली, म्हणजे आणखी मोठ्यानं.

आणि असा तो कारभार सुरू झाला. आठवड्यातून एकदा ती आत बसायची आणि एकेक गोष्ट काढायची. अण्णा टीव्हीवरच्या बातम्यांवर सारखं बोलतात. टीव्ही बंद झाला. मशीनवर बसलं की नेमका तेव्हाच त्यांना चहा लागतो; ते चहाच नको म्हणायला लागले. मुलगी अभ्यासाला बसली की डेपोच्या गोष्टी सांगतात, गोष्टी संपल्या. तक्रार आली, दुसऱ्या दिवशी निवारण. अण्णांनी आयुष्यभर डेपोत केलं तेच. मला तर वाटतं, त्यांना त्यात थोडी मजाही येत होती. परत कामावर रुजू झाल्यासारखी.

टाकेबाई मात्र गोंधळत चालली होती. आधी आनंद, मग आश्चर्य, मग काहीतरी वेगळंच. “काकू, घर इतकं शांत झालंय की मला भीती वाटते,” ती एकदा म्हणाली. “काल मी मशीन थांबवून ऐकत बसले, चमचा वाजतोय का म्हणून. आता मला काय हवंय तेच कळेना. चष्मेवाली म्हणते, स्वतःसाठी एक गोष्ट करा. स्वतःसाठी म्हणजे काय करतात हो? मी माझी पँट आखूड करू का?”

मला तरी कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, झोप काढ. तिनं झोप काढायचा प्रयत्न केला आणि शांततेनं तिला जाग आली.

मग ती दुपार. त्या दुपारी ती बराच वेळ काही बोललीच नाही. आम्हाला वाटलं, नेट गेलं. अण्णा आठ अक्षरांचा एक शब्द शोधत होते. आणि आतून ती बोलायला लागली. तिच्या मानानं हळू, म्हणजे आपण बोलतो तेवढ्या आवाजात.

“संडासाला न्यायचं हे सगळ्यात वाईट. त्यांना लाज वाटते, मला लाज वाटते, दोघंही छताकडे बघत चालतो. पाठ मोडते माझी. ते पाण्याचा पेला तोंडाला लावतात ना, तेव्हा माझ्या मनात येतं, झालं, आता पुन्हा उचलायचं. सासरे पाणी पितात आणि सून मनात नको म्हणते. काय माणूस आहे मी? कधीकधी वाटतं, सुटावं एकदाचं. त्यांनीही, मीही.”

मी पेन्सिल ठेवली. अण्णांनी ठेवली नाही. ते कोड्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, “आडवे चार. ‘सहनशील’ बसतं का बघा.”

“नाही बसत,” मी म्हटलं.

त्यानंतर अण्णांचा पाण्याचा जग भरलेलाच राहायला लागला. मला लगेच कळलं असं नाही. जग भरलेला दिसला की आपण म्हणतो, नुकताच भरला असेल. ओठ सुकलेले दिसले तर म्हणतो, हवा कोरडी आहे. पण मग त्यांचं कोडं बिघडायला लागलं. चार घरांत सहा अक्षरं कोंबायला लागले. मला ‘बाईसाहेब’ म्हणणारा माणूस एके दिवशी म्हणाला, “ताई, पाच नंबरची गाडी अजून का लागली नाही? लोक खोळंबलेत.” मी म्हटलं, “कुठली गाडी?” त्यांनी शटरखालून येणाऱ्या उजेडाकडे बोट दाखवलं. “ती काय, दिवे लावून उभी आहे.”

मी जगाकडे पाहिलं. काठोकाठ.

त्यांना दवाखान्यात हलवलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी फार कमी झालंय, लघवीचा संसर्ग झालाय, या वयात त्यानं माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. “पाणी देत नव्हता का तुम्ही?”

“अहो, जग भरून हाताशी ठेवते की रोज!” टाकेबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. “सगळं चांगलं चाललं होतं हो. काही मागत नव्हते, काही बोलत नव्हते…” बोलता बोलता तिचं तिलाच ते कसंतरी ऐकू आलं असावं. ती थांबली.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, “मला काहीच कळत नाहीये काकू. उद्या चष्मेवालीला विचारते.”

“तिला काय विचारतेस?” मी म्हटलं. शपथ गेली खड्ड्यात. घालणाऱ्यालाच आता आपण कुठे आहोत ते माहीत नव्हतं. “अण्णांनी ऐकलंय सगळं. तू आत बोललेलं. पहिल्या दिवसापासून. मीही ऐकलंय. तू चमचा म्हणालीस, त्यांनी चमचा ठेवला. तू पाणी म्हणालीस…”

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

“पण मी अस्तर लावलं होतं!”

“अस्तरानं दिसायचं थांबतं, ऐकू यायचं नाही.”

“तुम्ही मला पडदा पातळ आहे म्हणालात!”

“मी ऐकू येतं असंच सांगत होते!”

“मग तसं म्हणायचं ना! नुसतं पातळ काय? मी तीन पट्ट्या लावल्या त्याला!” आणि मग ते तिच्यापर्यंत पोचलं. “‘सुटावं एकदाचं’, तेही?”

मी मान हलवली.

“आणि तुम्ही दोघं तिथे बसून शब्दकोडं सोडवत होतात,” ती म्हणाली. उठली, आत गेली, आणि माझ्याशी बोलणं बंद.

अण्णा शुद्धीवर आले, घरी आले. पाच नंबरची गाडी गेली, मी पुन्हा बाईसाहेब झाले. पण टाकेबाईनं अण्णांशीही बोलणं बंद केलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर पेला समोर, “प्या.” ते प्यायचे. वेळेवर वॉकर, “चला.” ते चालायचे. चष्मेवालीचा फोन आला तर उचलायची नाही. मुलीनं विचारलं तर म्हणाली, “मला झालंय बरं.” कपडे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांशीसुद्धा दबक्या आवाजात बोलायला लागली. लोक “काय म्हणालात?” म्हणून विचारायला लागले. टाकेबाईला! मी दुपारी खाली जायची, कारण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. तिघं एका खोलीत, आणि आवाज फक्त मशीनचा.

“तिनं शिव्या घातल्या तरी चालतील,” अण्णा मला म्हणाले. “ही शांतता मला दवाखान्याहून जड जाते. काय करू?”

“मला विचारू नका,” मी म्हटलं. “मी तुम्हा दोघांचं ऐकून काय झालं ते बघितलंय.”

मग त्यांनी चमचा उचलला. टण टण.

मशीन थांबलं. टाकेबाई आली. “काय?”

“काही नाही.”

ती गेली. मशीन सुरू झालं. टण टण.

“काय हवंय?”

“काही नाही.”

ती गेली. बसली. दोराही ओवून झाला नसेल. टण टण टण टण.

“फेकून देईन तो चमचा!” भिंती हादरल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. “चमचा नि पेला दोन्ही फेकून देईन! काय चालवलंय काय!”

“हां,” अण्णा म्हणाले. “आली गाडी.”

“हसू नका! मरायला निघाला होतात तुम्ही! जग भरलेला आणि तुम्ही कोरडे! डॉक्टर मला विचारतात, पाणी देत नव्हता का! मी काय सांगायचं? मी बोलले म्हणून त्यांनी सोडलं?”

“तूच म्हणालीस…”

“म्हणाले! बोलून मोकळी होत होते मी! तो काय हुकूम होता? तुमच्यासाठी नव्हतंच ते! दुसऱ्याच्या मापाचं तुम्ही का अंगावर चढवलंत?”

“तक्रार आली की…”

“घर आहे हे, डेपो नाही!”

मग अण्णांनी विचारलं, आणि विचारताना तिच्याकडे पाहिलं नाही, “ते ‘सुटावं एकदाचं’ म्हणालीस. ते खरं होतं का?”

मी वर्तमानपत्र उभं धरलं. आता ते उलटं होतं की सुलटं, देव जाणे.

“तेव्हा खरं होतं,” टाकेबाई म्हणाली. “मग बाहेर आले आणि तुमचा चहा टाकला. तुम्ही नको म्हणालात. तो मीच प्यायले.” तिनं नाक पुसलं. “मलाही कळत नाही अण्णा. दोन्ही खरं असतं. चष्मेवालीला तेच विचारायचं होतं, तर तुम्ही आजारी पडलात.”

“मग विचार ना.”

“कुठे विचारू? इथे? तुम्ही दोघं तिकिटं काढल्यासारखे बसणार!”

अण्णांनी तिला वर माझ्या घरी पाठवायचं सुचवलं; पण मधेच उठायची वेळ आली तर ते मला एकटीला पेलणार नाहीत, म्हणून ते बारगळलं. मी इअरफोन एकाच कानात घाल म्हटलं. तिनं करून बघितलं, आवाज तेवढाच. शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनकडे गेली. नवं विजेचं आल्यापासून ते कापडाच्या गठ्ठ्यांखाली पडून होतं. ते चाललं की शेजारच्या इमारतीतली कुत्री भुंकतात.

“काकू, पाय चालतात ना तुमचे?”

“चालतात. म्हणजे?”

“मी आत असेन तोवर हे चालवायचं. दोरा नको, कापड नको. नुसतं चालवायचं. थांबायचं नाही.”

माझी पदवी, माझं वय, माझे गुडघे, यातल्या कशाचाही विचार न करता तिनं मला स्टुलावर बसवलं.

तर हल्ली आमची दुपार अशी असते. टाकेबाई अस्तराच्या पडद्याआड. अण्णा खुर्चीत, कोडं मांडीवर. मी पायमशीनवर, रिकामी सुई खाली-वर करत, काहीही न शिवता. अण्णा ओरडून विचारतात, मी ओरडून उत्तर देते, दोघांनाही काही ऐकू येत नाही, आणि कोडं अर्धंच राहतं. आत काय बोलणं होतं ते मला माहीत नाही. त्याचा उपयोग होतो की नाही, तेही माहीत नाही. बाहेर येते तेव्हा कधी हसत असते, कधी फुरंगटलेली. विचारलं तर म्हणते, “काय सांगू, मलाच कळलं नाही.” डॉक्टरांनी संडासात धरायला दांडा बसवायला सांगितला होता, तो चष्मेवालीच्या आग्रहानं बसला म्हणे. डॉक्टरांनी सांगितलेलंच चष्मेवालीला पुन्हा का सांगावं लागलं, हे मला सांगता येणार नाही.

परवा माझा पाय दुखला म्हणून मी क्षणभर थांबले. खोली एकदम शांत झाली आणि पडद्याआडून आवाज आला, “आणि काकू तर…”

अण्णांनी घाईघाईनं हात हलवून खूण केली: चालवा, चालवा. मी चालवलं. काकू तर काय, ते मी विचारलं नाही. फार जड गेलं.

मग अण्णांनी पेला उचलला, माझ्याकडे बघत तळापर्यंत रिकामा केला आणि चमचा वाजवला. टण टण.

“आले!” पडद्यातून डोकं बाहेर आलं, कानात इअरफोन तसेच. तिला चमचा कसा ऐकू आला, देव जाणे.

“तुला नाही!” अण्णा ओरडले. “मशीनवालीला! पाणी संपलं!”

“पण मी उठले तर मशीन…” मी म्हटलं.

“मग काय करायचं?” टाकेबाई म्हणाली.

आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मोबाइलमधून बारीक आवाजात चष्मेवाली विचारत होती, “हॅलो? ताई? आहात का?”